नऊ फॅन लावले म्हणून पीसी थंड होत नाही

एप्रिल लागला की कोल्हापुरातल्या गेमिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात: जितके फॅन जास्त तितका पीसी थंड, सगळे फॅन हवा बाहेर फेकणारे लावा, इथल्या उन्हाळ्यात लिक्विड कूलरशिवाय (पंपाने द्रव फिरवून प्रोसेसर गार करणारा कूलर) भागत नाही, तरी तापला तर बाजूची काच काढून टेबल फॅन लावा, आणि वायरी मागे बांधल्या की तापमान दहा डिग्रीने उतरतं. राजारामपुरीतल्या दुकानात हाच मेसेज दाखवून कॅबिनेट (पीसीचा बाहेरचा डबा) मागणारी पोरं घरचे कष्टाचे पैसे मोजतात. म्हणून हे उत्तर.

आधी फॅनच्या संख्येचं बघू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. फॅन मोजण्याआधी हवा आत यायला वाट किती आहे ते मोजा. १२० मिलिमीटरच्या फॅनचा मधला गाभा सोडला तर साधारण १०० चौरस सेंटीमीटर जागा उघडी राहते, म्हणजे तीन फॅनची ३००. आता पुढे सलग काच आणि दोन्ही कडांना एकेक सेंटीमीटरची, ४० सेंटीमीटर उंच फट असेल, तर हवेला वाट मिळते फक्त ८० चौरस सेंटीमीटर. फॅनच्या खोक्यावरचा हवेचा आकडा समोर काहीच अडथळा नसताना मोजलेला असतो. या फटीमागे तो खरा ठरत नाही. अशा कॅबिनेटमध्ये आणखी चार फॅन घातले तर आवाज वाढेल, हवा नाही. पुढे मोकळी जाळी असेल तर समोर दोन आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा एवढ्यात बहुतेक काम होतं. समोरचा तिसरा फॅन थोडा फायदा देतो, त्यापुढचे जेमतेम.

दुकानात पुढचं पॅनेल काढून ट्यूबलाइटसमोर धरा. जाळी आणि तिच्यामागची धूळगाळणी या दोन्हींतून उजेड स्वच्छ दिसला पाहिजे. काच मुळात वाईट नाही. समोर आणि बाजूला काच असलेल्या कॅबिनेटला खालून किंवा दुसऱ्या बाजूच्या जाळीतून हवा मिळत असेल तर ते उत्तम चालतं. खालचे फॅन तर थेट ग्राफिक्स कार्डला गार हवा देतात. फक्त पाय पुरेसे उंच हवेत आणि खाली सतरंजी नको. स्वस्त फॅनचा सेट घेताना पिन बघा: पॉवर सप्लायच्या मोलेक्स प्लगवर थेट चालणारे फॅन कायम पूर्ण वेगाने फिरतात, मदरबोर्डला जोडायच्या चार पिनच्या पीडब्ल्यूएम फॅनचा वेग तापमानाप्रमाणे बदलता येतो. फॅनच्या रंगीत लाइटची ५ व्होल्टची तीन पिनची वायर १२ व्होल्टच्या चार पिनच्या जागी घुसवली तर एलईडी जळतात.

सगळे फॅन बाहेर फेकणारे लावले तर आत हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या पट्ट्या, स्क्रूची भोकं, फटी, मिळेल तिथून हवा न गाळता आत येते. उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीच्या आसपास घर असेल तर ग्राइंडिंगची बारीक धातूची धूळही तिच्याबरोबर येऊ शकते, आणि ती मदरबोर्डवर बसणं धोक्याचं आहे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा. फॅनच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या दांड्या दिसतात, त्या बाजूने साधारणपणे हवा बाहेर पडते. बसवण्याआधी कागदाचा तुकडा धरून खात्री करा.

लिक्विड कूलरही खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. दुपारी खोलीतच ३४ डिग्री असेल तर तिथूनच सुरुवात. शिवाय गेम खेळताना बहुतेक पीसींत जास्त उष्णता ग्राफिक्स कार्डची असते आणि प्रोसेसरचा कूलर तिला हात लावत नाही. लिक्विड कूलरचा रेडिएटर (द्रव गार करणारा भाग) समोर बसवला तर प्रोसेसरची गरम हवा उलट कार्डवर येते. गेमिंगच्या मधल्या फळीतल्या प्रोसेसरला हवेवर चालणारा चांगला उंच टॉवर कूलर पुरतो. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते, बऱ्याचदा १५५ ते १६५ मिलिमीटर. ती न बघता कूलर घेतला की काच बंद होत नाही. लिक्विडच हवा असेल तर रेडिएटर वर लावा, म्हणजे आतली हवा पंपात न अडकता वर जाऊन थांबते.

बाजूची काच काढणं हा इलाज नाही; पॅनेल काढायचंच तर पुढचं काढा, तेही फक्त तपासणीपुरतं. एकाच गेमचा एकच भाग अर्धा तास चालवा, एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचं तापमान बघा आणि त्यातून खोलीचं तापमान वजा करा. मग फक्त पुढचं पॅनेल काढून पुन्हा तेच. फरक दोन-तीन डिग्री असेल तर कॅबिनेट ठीक आहे. सहा-सातच्या वर गेला तर पुढची वाट कोंडलेली आहे. कायम उघड्या कॅबिनेटमध्ये धूळ तर बसतेच, पावसाळ्यात झुरळं आणि पालीही उबेला येतात.

वायरींनी दहा डिग्री उतरत नाहीत; जाड जुडगा फॅनसमोर लोंबत नसेल तर एखाद-दुसऱ्या डिग्रीचाच फरक पडतो. तरीही त्या नीट बांधाव्यात, कारण पुढे दुरुस्ती सोपी जाते. मदरबोर्डच्या मागे किमान २० मिलिमीटर जागा हवी, नाहीतर मागचं दार फुगतं. नव्या ग्राफिक्स कार्डांची १६ पिनची पॉवर वायर कनेक्टरपासून साधारण साडेतीन सेंटीमीटर सरळ ठेवूनच वाकवा. अरुंद कॅबिनेटमध्ये काच ती दाबते, कनेक्टर पूर्ण बसत नाही आणि तिथेच तो वितळण्याचा धोका असतो.

पीसी टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर वरचं सगळं फुकट, कारण तो स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. मागे भिंतीपासून १५ सेंटीमीटर सोडा. धूळगाळणी उन्हाळ्यात दर पंधरवड्याला धुवा. पावसाळ्यात ती लवकर वाळत नाही, तेव्हा कोरड्या ब्रशने झाडा. ओली परत बसवू नका. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.