फायनल हात राहिलाय

आत्ता हे टाइप करताना माझ्या नऊ नखांवर रंग आहे आणि दहावं उघडं आहे. उघडं कुठलं, तर उजव्या हाताची तर्जनी. जी सगळ्यांच्या नजरेत येते, जी दाखवून आपण भांडतो, नेमकी तीच. परवापासून मी भांडतानाही मधलं बोट वापरू की काय अशा विचारात आहे.

मला चकचकीत नखांचा कंटाळा आला होता, एवढीच माझी चूक. मॅट नेलपॉलिशच्या तीन बाटल्या आणल्या: राखाडी, वाइनचा लाल आणि एक गडद शेवाळी हिरवा. बाटलीवरच्या फोटोतली नखं अशी दिसत होती की जणू त्या बाईला आयुष्यात कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं उरलेलं नाही. मला ती नखं हवी होती. खरं तर मला ती बाईच व्हायचं होतं.

साधं नेलपॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोज, इथाइल ॲसिटेट किंवा ब्युटाइल ॲसिटेटसारख्या द्रावकात विरघळवलेलं. द्रावक उडून जातो, नखावर गुळगुळीत पापुद्रा राहतो आणि गुळगुळीत असतो म्हणून चमकतो. मॅटमध्ये सिलिकाची अतिबारीक पूड घालतात. त्यामुळे पापुद्रा डोळ्यांना कळणार नाही इतपत खरखरीत होतो, उजेड चहूबाजूंना विखुरतो आणि चमक जाते. सिलिका म्हणजे नव्या बुटांच्या खोक्यात 'खाऊ नका' असं बजावणारी जी पुडी निघते, तिच्या पोटातला माल. थोडक्यात, मी हौसेनं नखांना रेती फासत होते.

आणि ही रेती फार घाईत असते. ब्रश दुसऱ्यांदा फिरवेपर्यंत पहिला पट्टा वाळलेला असतो, मग तो ब्रशला चिकटून सोलून येतो. चकचकीत रंगात अशी चूक चमकेत बुडून जाते. मॅटमध्ये ती उभी राहून हात वर करते. नखांवरच्या उभ्या रेघासुद्धा मला त्या रात्री पहिल्यांदा दिसल्या. चाळीस वर्षं त्या माझ्याच बोटांवर राहत होत्या म्हणे. राखाडी रंग बघून आईनं "नखं निळी का पडलीत गं?" म्हणून माझ्या कपाळाला हात लावला. वाइन चांगला जमला होता, पण रात्री सवयीनं हाताला क्रीम चोळलं आणि सकाळी नखांवर तेलकट चकत्या. पुन्हा लावला, पुन्हा छान जमला, आणि हात आपोआप शेजारच्या बाटलीकडे गेला: टॉपकोट. चकचकीत. एका फटक्यात सगळं मॅट गेलं ते गेलंच.

मध्ये एक प्रयोग झाला, तोही सांगून टाकते. साधं नेलपॉलिश ओलं असताना वाफेवर धरलं तर मॅट होतं, असं ऐकलं होतं. खोकल्यासाठी वाफ घेतच होते, म्हटलं एका पातेल्यात दोन कामं. चार नखं खरंच मॅट झाली. एक बोट भाजलं. खोकला होता तिथेच राहिला.

म्हणून डॉक्टरकडे गेले. जाण्याच्या आदल्या रात्री शेवाळी हिरवा लावला होता आणि तो, कसं सांगू, फोटोतल्यासारखा आला होता. डाव्या हातानं रंगवलेला उजवा हातसुद्धा. मी दोन्ही हात पर्सवर अशा बेतानं ठेवून बसले की येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते इथून सुरू झालं.

"प्रायमर आहे ना हा?"

शेजारच्या खुर्चीवर सत्तरीचे एक काका, मांडीवर एक्स-रेचं भलंमोठं पाकीट. नजर माझ्या बोटांवर.

"काय?"

"नखांना प्रायमर मारलाय. फायनल हात राहिलाय."

"नाही हो काका, हे असंच असतं. मॅट."

"मॅट? म्हणजे पायपुसणं?"

"मॅट म्हणजे बिनचमकीचं."

"बरं. मग चमक कधी येणार?"

"येणारच नाही."

काकांनी सहानुभूतीनं मान हलवली. "फसवलं तुम्हाला."

मग कळलं की काकांनी पस्तीस वर्षं गाड्या रंगवल्यात. ठोकलेल्या, चेपलेल्या, गंजलेल्या, सगळ्या. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला. "बघू." आणि मी दिला! का दिला, हे मला आजही कळलेलं नाही. कुणी अधिकारानं हात मागितला की देऊन टाकायचा, हे कुठेतरी हाडात मुरलंय. त्याबद्दल मी स्वतःवर अजून चिडलेली आहे.

काकांनी माझा तळवा आपल्या तळव्यावर घेतला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि बारकाईनं बघू लागले. समोरच्या बाकावर एक मावशी इतका वेळ पेंगत होत्या. त्या ताठ बसल्या.

"घाई झाली तुमची," काका म्हणाले.

मावशी पुढे सरकल्या.

"पहिला नीट बसलाच नाही."

"हो," मी कबूल केलं. खोटं कशाला बोलू.

"आणि पहिला सुकायच्या आत दुसरा केलात."

मावशींनी तोंडावर पदर घेतला. "अगं बाई! किती दिवसांत?"

"दिवस कसले," काका माझ्याच नखाकडे बघत म्हणाले, "दोन मिनिटं थांबल्या नाहीत. मग सुरकुत्या पडणारच."

"आता पुढे काय दिसतंय?" मावशींनी विचारलं.

"पुढे काय, सगळं खरवडून काढायचं. नवऱ्यासारखं…" काका थांबले, ठसका लागला, पाणी प्यायले, "…नव्यासारखं करून देता येतं. पण आधी पॉलिश पेपर मारायचा, खड्डे असतील तिथे लांबी भरायची, मग प्रायमर, आणि मग दोन हात. थिनर बेतानं."

मावशी उठून आमच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी स्वतःचा हात काकांपुढे धरला. "माझाही बघा." काकांनी त्यांच्या कोऱ्या नखांकडे पाहिलं आणि म्हणाले, "यात काही काम नाही." मावशींचा चेहरा पडला.

मला राग येत होता, पण अडचण अशी की काकांचं शास्त्र बरोबर होतं. ते सारखे ड्युको, ड्युको करत होते, ते मी घरी येऊन वाचलं. ड्युपॉं कंपनीनं 1923 मध्ये काढलेला गाड्यांचा रंग. त्याच्याआधी गाडी रंगवली की वाळायला आठवडे लागत, हा तासांत वाळायचा. तो कशाचा? नायट्रोसेल्युलोजचा. त्याचा जरा जास्त तापट भाऊ म्हणजे गनकॉटन, जो स्फोट करतो. तो 1846 मध्ये शोनबाइन नावाच्या रसायनतज्ज्ञाला सापडला; कथा अशी सांगतात की स्वयंपाकघरात सांडलेलं ॲसिड त्यानं बायकोच्या ॲप्रननं पुसलं, ॲप्रन चुलीजवळ वाळत घातला आणि तो भक्कन जळून गेला. बायको काय म्हणाली, ते इतिहासानं लिहून ठेवलेलं नाही. तिचा ॲप्रन, काकांची बॉनेटं आणि माझी नखं असं हे एकाच घराण्यातलं प्रकरण आहे. पण नातं निघालं म्हणून कुणी हात धरून बसावं का?

"माझ्या पुतण्यानं मोटारसायकल घेतली," काका सांगत होते. "मॅट ब्लॅक. काय क्लास दिसते!"

"मग तिचा फायनल हात नाही का राहिला?"

"ती कंपनीतून तशीच येते."

"काका, ही बाटलीसुद्धा कंपनीतूनच आलीय."

"गाडीची गोष्ट वेगळी," ते म्हणाले आणि माझा हात परत दिला.

वेगळी कशी? मोटारसायकल मॅट असली की क्लास. फोन मॅट, लॅपटॉप मॅट, भिंत मॅट, सगळीकडे अभिरुची. बाईची नखं मॅट असली की तिला काविळीपासून कॅल्शियमपर्यंत काहीतरी झालेलं असतं, किंवा तिचं काम अर्धवट राहिलेलं असतं. चकचकीत लाल लावायचे तेव्हा "अजून हौस आहे हो" असं ऐकलंय. आता चमक काढून टाकली तर चमक कुठे गेली म्हणून चौकशी. काहीच लावलं नाही तर "जरा स्वतःकडे लक्ष देत जा." नख केवढं, त्याच्यावर मतं किती! हे मी काकांना बोलणार होते. सुरुवातही केली होती. तेवढ्यात खोकला आला आणि माझा नंबरही.

आत सिस्टरनी ऑक्सिजन बघायची क्लिप हातात घेतली, माझी बोटं बघितली आणि क्लिप खाली ठेवली.

"हे काय लावलंय मॅडम? रीडिंग चुकतं."

बरोबर आहे, ती क्लिप बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडते आणि पलीकडे किती पोहोचला ते मोजते. मध्ये गडद रंग आला की गणित बिघडू शकतं. मी म्हणाले, करंगळीवरचा काढा, तिथे जरा ओघळ आहे. पण सिस्टरनी रिमूव्हरचा बोळा घेऊन तर्जनी धरलीसुद्धा होती. चार रात्रींच्या साधनेचं सर्वांत देखणं फळ तीन फटक्यांत पुसलं गेलं. रीडिंग 98. खोकला साधा. क्लिप बोटावर आडवी लावूनही बघतात, हे मला घरी आल्यावर कळलं. कळून काय उपयोग? सिस्टरना माहीत असायला नको?

बाहेर आले तर काका एक्स-रे दाखवायला दुसऱ्या खोलीत गेलेले. मावशी मात्र माझी वाट बघत होत्या. त्यांनी माझं उघडं बोट दोन्ही हातांत घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"ताई, एक विचारू? पहिल्याला माहीत आहे का?"

माझ्यात समजावण्याची ताकद उरली नव्हती. मी म्हटलं, "मावशी, काय फरक पडतो. दोन्ही एकाच बाटलीतले."

मावशींचे डोळे भरून आले.

"अरेरे," त्या म्हणाल्या. "दोघंही पितात?"