नऊच माणसं दाखव म्हणणाऱ्या दोस्ता

सकाळी भोसरी एमआयडीसीत टपरीवर चहाला उभा होतो, तिथं आमच्याच लाइनीतला एक वर्कशॉपवाला भेटला. बारा माणसं कामाला, कागदावर नऊ. का, तर दहा झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागतं. बरं ईएसआय नाही तर नाही, निदान डब्ल्यूसी पॉलिसी (कामावर इजा झाली तर भरपाई देणारी) तरी पूर्ण काढावी ना, तर ती पण पाच जणांचीच, प्रीमियम वाचतो म्हणून. आणि वर मलाच शहाणपण शिकवतोय, "कामगारांना कळू द्यायचं नसतं रे पॉलिसी आहे ते, कळलं की बोट कापून घेतात लेकाचे."

चहा तसाच ठेवून आलो. बोट कापून घेतात म्हणे. कोण घेतं रे?

माझ्या वर्कशॉपमध्ये २०२२ ला झालंय हे, जवळच्यांना माहितीये. पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवरचा पोरगा, लातूरकडचा, तीस वर्षांचा, उजव्या हाताची दोन बोटं गेली. रात्रीचे पावणेनऊ, ब्रॅकेटचा अर्जंट लॉट होता, प्रेसचा सेफ्टी गार्ड, हात आत जाऊ नये म्हणून असतो तो, काढलेला. गार्ड कुणी काढला, गार्ड कुणी काढला करत मी पुढं कित्येक दिवस सगळ्यांवर ओरडत होतो. गार्डमुळं तासाला नग कमी पडतात हे बोललं कोण होतं? मीच की.

हॉस्पिटलचं बिल मी भरलं, तेही उपकार केल्यासारखा चेहरा करून. तो खर्च कायद्यानंच मालकावर असतो आणि पॉलिसीत मेडिकलचं वेगळं घ्यावं लागतं हे नंतर कळलं. मी घेतलेलं नव्हतं, चार पैसे वाचवले होते ना.

चार महिन्यांनी वकिलाची नोटीस आली आणि माझं डोकंच फिरलं. ह्याच्या लग्नाला आपण लातूरला जाऊन आलो, आहेर केला, आणि हा आपल्यावर केस टाकतो? नोटीस ड्रॉवरमध्ये टाकली. त्याचा फोन उचलणं बंद केलं, त्याची बायको एकदा गेटवर येऊन गेली तर वॉचमनला सांगितलं साहेब नाहीत म्हण. मी आत होतो. लिहितानाही लाज वाटतीये.

शेवटी विम्याचा एजंट म्हणाला, "साहेब, त्यानं केसच नाही केली तर आमची कंपनी पैसे देणार कशावर? लेबर कोर्टाची ऑर्डर आणा म्हणतात." म्हणजे बघा, तो माझ्याशी भांडतच नव्हता. ज्या पॉलिसीचा प्रीमियम मी भरत होतो तिचेच पैसे मागत होता, आणि मी इकडं गद्दारी गद्दारी करत बसलो होतो.

हिशोब ऐका. पगार जास्त असला तरी १५,००० पर्यंतच धरतात, तेही २०२० पासून, आधी ८,००० च होते. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला फॅक्टर, तिशीला २०७.९८, आणि एका हाताची दोन बोटं म्हणजे २० टक्के. झाले ३,७४,३६४ रुपये. अंगठा गेला असता तर ३० टक्के. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचं शेड्यूल, म्हणजे तक्ता, आहे, आता ते सगळं नव्या सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गेलंय, पण बोटाबोटाचा रेट लिहिलेला वाचला ना की पोटात कसंतरी होतं. ही रक्कम आणि वरचं १२ टक्के व्याज पॉलिसीतून गेलं. दंड मात्र पॉलिसीत बसत नाही, तो मालकाच्या उशिराबद्दल असतो, ५० टक्क्यांपर्यंत लावता येतो. मला सत्तर हजार लागला. ड्रॉवरचं भाडं समजा.

हो, खोट्या केसेस होतात, मान्य. दारू पिऊन मशीनवर उभे राहणारेही आहेत. एजंट लोक तर विचारूच नका.

आणि डब्ल्यूसीत सगळं येतं असंही नाही. कामावरून काढलं म्हणून केस झाली, ग्रॅच्युइटी थकवली, तर हिचा काही उपयोग नाही. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत छोटं रेस्टॉरंट चालवतो, त्याच्याकडं ईपीएलआय म्हणून वेगळीच पॉलिसी आहे, बेकायदा काढलं, भेदभाव केला, छळ केला अशी केस झाली तर वकिलाच्या खर्चासकट. पण पगार, ओव्हरटाइम बुडवला तर शक्यतो तीही हात वर करते म्हणाला. बरोबरच आहे, चोरीचा विमा कोण देईल.

तर दोस्ता, वाचत असशील तर (वाचतोयस, मला माहितीये), तुझ्या पाच नावांत प्रेसवरचे किती आणि ऑफिसातले किती एवढं एकदा बघ. सहाव्याचं बोट गेलं तर तू काय करणार? गेटवर साहेब नाहीत म्हणून सांगणार?

तो पोरगा आता माझ्याकडंच इन्स्पेक्शनला आहे. मोजायचं गेज डाव्या हातात धरतो. आम्ही त्या दिवसांबद्दल कधी बोललेलो नाही, मीच विषय काढत नाही.

सोमवारी रिन्यूअल आहे. आठ नावं लिहून झालीत, झाडायला दोन तास येणाऱ्या मावशींचं घालायचं का विचारायला एजंटला फोन लावतोय सकाळपासून. उचलत नाहीये. नेहमीसारखंच.