निळी बस आणि पोटदुखी

आमच्या पारावर परवा सायंकाळी झालेला वाद आठवीतल्या एका मुलीवरून होता. गावातली शाळा सातवीपर्यंतच असल्यामुळे तिला यंदा तालुक्याला जावे लागते. शाळकरी मुलींसाठी असलेली सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस फाट्यावर हॉर्न वाजवते, त्याच वेळी तिच्या पोटात कळ येते, हात गार पडतात. आणि बस निघून गेली की तासाभरात ती भाकर मागून खाते. रविवारी मात्र काहीच होत नाही.

"बहाणे आहेत. दोन ठेवून द्या अन् बसवा गाडीत," असा निकाल आमच्या कास्तकार मित्राने दिला. "आमच्या वेळी काहून दुखत नव्हतं पोट?" किराणा दुकानदाराचे मत नेमके उलट होते: पोरगी घाबरली आहे, दिवाळीपर्यंत घरी राहू द्यावी, भीती आपोआप जाईल. मुलीचे वडील दोघांचेही मुकाट ऐकत होते.

निवृत्त गुरुजींनी दोघांनाही खोडून काढले. त्यांचे म्हणणे असे की, एकदा डॉक्टरांकडून पोट तपासून घ्यावेच. परंतु रविवारी दुखत नाही एवढ्यावरून दुखणे खोटे ठरत नाही, कारण भीतीने पोटात खरोखरच कळ येते. घरी राहिल्यावर लगेच बरे वाटते, आणि खरी अडचण तिथेच आहे. प्रत्येक चुकवलेल्या दिवसागणिक मनाची खात्री होत जाते की, गेलो नाही म्हणून वाचलो.

"म्हणजे माझंच खरं. धाडायचंच ना?" कास्तकार म्हणाला.

धाडायचेच, पण मारून नव्हे, असे गुरुजींचे उत्तर होते. आधी वडिलांनी सोबत जाऊन परिपाठापुरते थांबावे, मग दोन तासिका, मग मधल्या सुटीपर्यंत. एखादी पायरी जड गेली तर तीच पुन्हा करावी. वर्गशिक्षिकेने तिला अचानक उभे करून वाचायला लावू नये आणि जीव घाबरला तर पाच मिनिटे व्हरांड्यात जाऊ द्यावे.

हे चालू असताना वडील प्रथमच बोलले. गणिताच्या तासाला फळ्यावरचे उदाहरण चुकले तेव्हा सर "खेड्यातली पोट्टी" म्हणाले आणि सारा वर्ग हसला, असे तिने आईला सांगितले होते. मला वाटते, ही गोष्ट आधी कळली असती तर निम्मा वाद झालाच नसता. मुलीला धीट करण्याआधी त्या तासाचा बंदोबस्त व्हायला हवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे, हे गुरुजींनी सांगितले. दुकानदाराने मात्र, "तक्रार केली तर पोरीवरच डूख धरतील," अशी शंका काढली, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. म्हणून आधी मुख्याध्यापकांना भेटून बोलावे आणि तरीही फरक पडला नाही तर लेखी द्यावे, असे ठरले.

आशाताई पाणी भरून परत जात होत्या. त्यांनी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक सांगितला; तो मोफत आहे आणि रात्रीही चालतो. "वेड्यांचा डॉक्टर म्हणतील लोक," असे वडील पुटपुटले, तेव्हा ताईंनी फोनवर बोलायला गाव कशाला सांगायचे, असे सुनावले.

शेवटचा वाद सुरुवात कोणत्या दिवशी करावी यावर झाला. गुरुजी सोमवार म्हणत होते, कारण शनिवारनंतर लगेच सुटी येते. वडिलांनी तरी शनिवारच धरला: सकाळची शाळा, तासिका कमी, आणि त्या दिवशी गणित नसते.