कुठल्या विल्यमचा विल्यम?

कोण मेलं? एवढंच विचारतेय मी. नवऱ्याचे पूर्वज शोधतेय, इंग्लंडातल्या एका गावच्या चर्चच्या जुन्या रजिस्टरात. कोण मेलं हे लिहायला त्या व्हिकरला, म्हणजे गावच्या पाद्र्याला, काय पैसे पडत होते? (पडायचे, माहितीये. १७८३ पासून दर नोंदीला तीन पेन्स कर होता. पण ही नोंद १७८० ची आहे. तेव्हा फुकट होतं!)

पंधरा दिवस आधी जागा राखून, दोन तास गाडी हाकत काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात गेले. पेन बाहेर लॉकरमध्ये, आत फक्त पेन्सिल. मायक्रोफिशच्या (जुन्या पानांच्या बारीक फोटोंच्या फिल्म वाचायच्या) यंत्रात डोळे घालून चार तास बसले आणि हाती काय लागलं? दफनाच्या पानावर तीन शब्द. 'विल्यम, अ‍ॅन इन्फंट.' बास. बापाचं नाव नाही, आईचं नाही, आडनावाचा तर पत्ताच नाही.

आता हे ऐका. ईस्ट अँग्लियातलं, म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेकडचं, शंभरेक उंबऱ्यांचं गाव. त्यात १७७९ साली एकाच आडनावाच्या दोन चुलतभावांना मुलगे झाले. दोन्ही भाऊ विल्यम. दोघांच्या बायका मेरी. दोघांनी पोरांची नावं ठेवली विल्यम. अख्ख्या बायबलमध्ये दुसरं नाव सापडलं नाही? विल्यम तर बायबलमध्येही नाही! पुढल्या वर्षी एक विल्यम गेला, दुसऱ्याने १८०३ मध्ये लग्न केलं आणि तो माझ्या नवऱ्याचा पूर्वज. लग्नाच्या नोंदीत ना बापाचं नाव, ना वय. सहीच्या जागी फुली. मारा शोध.

आणि त्याच व्हिकरने त्याच पानाच्या समासात वादळाने चर्चचं वातकुक्कुट (वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा) पडलं त्याबद्दल चार ओळी लिहिल्यात. सुवाच्य, टपोऱ्या अक्षरात! कोंबड्याला चार ओळी आणि लेकराला तीन शब्द. बिशपकडे दरवर्षी रजिस्टरची नक्कल पाठवायचे, म्हटलं तिथे तरी काही असेल. तिथे 'इन्फंट'ही गाळलंय. नुसतं 'विल्यम'.

सासूबाईंना अर्थातच शेतकरी विल्यम हवाय. (आडनाव मुद्दाम लिहीत नाहीये, त्या हल्ली सगळं मोबाइलवर भाषांतर करून वाचतात.) त्या दोन बाप-विल्यमांपैकी एकाकडे खंडाची बऱ्यापैकी शेती होती, दुसऱ्याचं नाव गरिबांना मदत वाटायच्या हिशोबवहीत दर हिवाळ्यात हजर. शेतकऱ्याचं मृत्युपत्र मिळालं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. त्यात लिहिलंय, 'माझ्या सर्व मुलांना समान वाटा.' मुलांची नावं? कशाला! घरच्यांना माहीतच होती ना.

तुम्ही म्हणाल, जनगणना बघ. १८४१ ची ना? पंधरावरच्या सगळ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली, आणि जन्मगावाच्या जागी फक्त 'याच काउंटीत, हो की नाही'. गाव आणि नेमकं वय १८५१ पासून लिहू लागले, ३० मार्चला. आमचे विल्यमराव त्याच वर्षी जानेवारीत गेले. जगले असते तरी उपयोग नव्हता, दोघंही त्याच गावचे. पण राग यायला कारण लागतं थोडंच.

एकदा सुरू झालंय तर सगळंच निघू दे. कोर्टकचेऱ्यांची कागदपत्रं १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये. १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू, म्हणजे जानेवारीत मेलेला माणूस त्याच सालच्या डिसेंबरात जिवंत सापडतो. १९३१ ची जनगणना जळाली, तीही बॉम्बने नव्हे, साध्या आगीत, आणि १९४१ ची झालीच नाही. शेतमजुरांना दगड परवडत नसत, त्यामुळे चर्चची किल्ली कुणाकडे हे शोधत गावभर फिरून शेवटी मी मॉस खरवडून वाचला तो जमीनदाराचा थडग्याचा दगड. आणि ते ऑनलाइन वंशावळी करणारे! कुणा दूरच्या भाऊबंदाने आमचा विल्यम १७८० मध्ये मारलाय आणि १८०३ मध्ये त्याचं लग्न लावलंय. त्याखाली एकवीस जणांनी तेच उतरवून घेतलंय.

रात्री आईला फोन करून हे सगळं ऐकवलं. म्हटलं, आपलं किती छान, त्र्यंबकला गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारलं आणि दहा मिनिटांत नामावलीत, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या वहीत, आजोबांची सही दाखवली. इथे मेले मेरीचं माहेरचं आडनाव लिहीत नाहीत, म्हणजे बाई कुठून आली याची काही किंमतच नाही!

आई म्हणाली, "बरोबर आहे." मग थोडं थांबून, "तुझ्या पणजीचं माहेरचं आडनाव काय गं?"

मला काय माहीत. तिलाही नाही. पणजीचं माहेरचं नावही ठाऊक नाही, सासरचं तेवढं रमाबाई. नामावलीत आहे ती अमक्याची पत्नी म्हणून. आई म्हणे, "सगळे तिला काकूच म्हणायचे."

व्हिकरवरचा राग मात्र कमी झालेला नाही. कोंबड्याला चार ओळी!