दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : सर, ते दिवे हलके नाहीत

सर, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकानाचं शटर ओढताना वाचला. काम चार दिवस उशिरा दिलं, हे खरं आहे. तुम्ही महालक्ष्म्यांच्या आधी बाग उजळून मागितली होती आणि आम्ही शेवटचा दिवा जोडला तो महालक्ष्म्या गेल्यावर. खोदलेली चारी पावसानं दोनदा भरली, पण हे मी फोन करून आधीच सांगायला पाहिजे होतं. आमची कामाची पोरं लॉनवर माती तशीच टाकून गेली, त्याचीही माफी मागतो.

पण तुम्ही लिहिलंय, "पैसे वाचवायला हलके, मंद पिवळे दिवे लावले. ३८ हजार घेऊन बागेत अंधार. शेजाऱ्यानं तीन हजारांत दोन हॅलोजन लावून लख्ख उजेड केला." उशीर झाला म्हणून दोन शिव्या दिल्या असत्या तर ऐकून घेतल्या असत्या. 'पैसे वाचवायला' हा शब्द मात्र लागला.

एकाच मॉडेलचा पिवळा ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) दिवा आणि पांढरा ६५०० चा दिवा, दोन्हीची किंमत एकच आहे. पिवळा लावून माझा एक रुपया वाचत नाही. कधीही दुकानात या, बिलं दाखवतो.

पिवळा का घेतला, ते तुम्हाला आठवत असेल. रेट देण्याआधी मी रात्री साडेसातला बॅटरी आणि चार सुटे दिवे घेऊन तुमच्याकडं आलो होतो. हे आम्ही प्रत्येक घरी करतो, कारण कागदावर बाग कळत नाही. आंब्याच्या बुडाला पांढरा लावून बघितला, पानं राखेसारखी दिसली. पिवळा आधी खोडाला चिटकून ठेवला, तर नुसतं खोड दिसलं, वरचा पाला काळाच. मग तोच दोन फूट मागं सरकवला, तोंड वर केलं, तसा उजेड फांद्यांत शिरला आणि पानांची खालची बाजू उजळली. तेव्हा तुम्हीच सांगितलं, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात काकूंनी भांडी धुतलेलं पाणी घालून हे झाड जगवलं. काकू ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "चांदणं पडल्यावानी दिसायलंय." त्या एका वाक्यावर मी बाकीची सगळी बाग बसवली, सर. वाटेचे सहा दिवे गुडघ्याएवढे बुटके आणि तोंड खाली, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यात जाणार नाहीत. मागच्या भिंतीला तीन, पायऱ्यांना दोन, तुळशीपाशी एक. आंब्याचे दोन धरून १४ दिवे, सगळे मिळून ६० वॅट. रोज पाच तास चालवले तरी महिन्याला ९ युनिट. पावसाळ्यात पांढऱ्या उजेडावर किडे जास्त येतात, हेही त्या दिवशी बोलणं झालं होतं.

३८ हजारांतले निम्मे तर जमिनीखाली आहेत, म्हणून दिसत नाहीत. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगा सोडते आणि पावसात फुगते, वरवर पुरलेल्या वायरीचा जोड दोन वर्षांत ओढून तुटतो. म्हणून दीड फूट चारी, पाइप आणि आत वायरीला ढील. ओल्या लॉनवर नातवंडं अनवाणी खेळणार म्हणून घरातली वीज ट्रान्सफॉर्मरनं उतरवून १२ व्होल्ट, शॉकची भीती नको. आंबा ट्रान्सफॉर्मरपासून २२ मीटरवर आहे, तिथं पाऊण एमएमची पातळ वायर टाकली असती तर दीड व्होल्ट वाटेतच गेला असता. अडीच एमएमची तांब्याची टाकली, आता अर्धा व्होल्टही जात नाही. पैसे वाचवायचे असते तर इथं वाचवले असते, कुणाला कळलंही नसतं.

आता रिव्ह्यूसोबत टाकलेला तुमचा फोटो. लहान तोंडी मोठा घास होतोय, पण लिहितो. फोटोत आंब्याच्या खोडावर पाण्याच्या टाकीच्या शिडीची सावली पडलेली आहे. आमचा एकही दिवा टाकीवर नाही. म्हणजे तिथं वर पांढरा फ्लड, म्हणजे मोठ्या झोताचा दिवा, चालू आहे, तो आमचं काम झाल्यावर लागलाय. समोर एवढा झगझगीत दिवा असला की डोळा त्यालाच धरतो आणि ९ वॅटचा दिवा असून नसल्यासारखा होतो. त्यात माझे दिवे मंद दिसणारच. तो फ्लड तुम्हाला पाहिजे असेल तर राहू द्या, घर तुमचं आहे. पण त्याच्या उजेडात माझ्या कामाला अंधार म्हणू नका.

वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, त्याच जागेत मी हे काम सुरू केलं. चार पोरांचं घर ह्यावर चालतं. तुमचा रिव्ह्यू वाचून औसा रोडच्या एका पार्टीनं आज सकाळी "दिवाळीनंतर बघू" म्हणून फोन ठेवला.

वेळेचं म्हणाल तर आता तारीख लेखी देत जाऊ, पावसाळ्याचं वेगळं काहीतरी ठरवतो. माती उद्याच पोरं येऊन उचलतील.

आणि रविवारी संध्याकाळी सात वाजता मी स्वतः येतो. हॉलमधून एकदम बाहेर येऊन बघू नका, फ्लड बंद करून पंधरा मिनिटं ओट्यावर काकूंसोबत बसा. त्यानंतरही वाट नीट दिसत नसेल तर वाटेला दोन दिवे वाढवून देतो, त्याचे पैसे नकोत. आंब्याचे दिवे मात्र आहेत तिथंच ठेवू, काकूंना विचारल्याशिवाय ते मी हलवणार नाही.