वडशाची रात्र, वाकेनचा चिखल

दिवाळीच्या आधी माझ्या पुतण्याचा फोन आला. तो देसाईगंज, म्हणजे वडसा, तालुक्यातल्या आमच्या गावी राहतो आणि गेली दोन वर्षे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या भागातल्या, नाटकांवर लिहितो. गेल्या हंगामात त्याने एका दैनिकाला अकरा नाटकांची परीक्षणे पाठवली आणि त्यांतली सात छापून आली. पैशांविषयी विचारल्यावर त्याला सांगण्यात आले की नाव छापले जाते हेच मानधन आहे. पैसे हवे असतील तर दिवाळीच्या पुरवणीसाठी जाहिराती आणाव्यात, त्यावर कमिशन मिळेल. "काकाजी, तुमाले तिकडं गानं आयकून लिवाचे पैसे भेटतेत, मंग मले काऊन नाई भेटत?" असे त्याने विचारले. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मागून पोलीस भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख सांगत होता.

मी जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये राहतो आणि चौदा वर्षांपासून हेवी मेटल या गिटार-ढोलांच्या दणदणीत रॉक संगीतावर मुक्त लेखक म्हणून लिहितो. पुतण्याला वाटते तितके हे काम सुखाचे नाही, आणि दादाला वाटते तितके पोकळही नाही. गावाकडे या विषयावर जो वाद चालतो त्याचे सूत्र एकच असते: याला काम म्हणायचे की छंद? इथे राहून माझे मत असे झाले आहे की हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. एखाद्याचे लेखन वापरून कोणी अंक विकत असेल, जाहिराती मिळवत असेल, तर ते काम आहे हे त्या वापरानेच सिद्ध झालेले असते. मग त्या लिहिणाऱ्याच्या आजारपणाचा आणि म्हातारपणाचा वाटा वापरणाऱ्याने उचलावा की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

माझे काम कसे चालते ते आधी सांगतो. नवा अल्बम बाजारात येण्याच्या सहा-आठ आठवडे आधी ध्वनिमुद्रण कंपनीकडून त्याचा दुवा येतो. त्या प्रतीत माझी ओळख दडवलेली असते, म्हणजे ती बाहेर फुटली तर कोणाकडून फुटली हे कळते. अल्बम मी निदान पाच वेळा ऐकतो: पहिल्यांदा काहीही न लिहिता, दुसऱ्यांदा फक्त ढोलांकडे लक्ष देऊन, मग गिटारीकडे, मग शब्दांकडे, आणि शेवटी स्वयंपाकघरात भांडी घासताना, कारण चांगले गाणे हात कामात असतानाही कानाला धरून ठेवते. यातून सुमारे अडीचशे शब्दांचे परीक्षण तयार होते. मुलाखत असेल तर वादक एका दिवसात दहा-बारा पत्रकारांशी बोलतो आणि प्रत्येकाला वीस मिनिटे मिळतात. त्या वीस मिनिटांसाठी मी दोन दिवस वाचतो, आणि ते बोलणे शब्दश: उतरवून काढायला आणखी दोन-अडीच तास जातात.

परीक्षणाचे मला तीस युरो मिळतात. दोन पानांच्या मुलाखतीचे दीडशे-पावणेदोनशे. हॅम्बुर्गमध्ये एवढ्यात घरभाडे निघत नाही, म्हणून माझे निम्म्याहून अधिक उत्पन्न अनुवादातून आणि बँडसाठी लिहिलेल्या परिचयपत्रांतून येते. ज्या बँडचे परिचयपत्र मी पैसे घेऊन लिहिले, त्याच्या अल्बमचे परीक्षण मी कधीही करत नाही. हा नियम माझ्यावर कोणी लादलेला नाही, पण तो पाळला नाही तर वाचकाने माझ्या शब्दावर विश्वास का ठेवावा? पुतण्याला सुचवलेला जाहिरातींचा मार्ग मला याच कारणाने घातक वाटतो. ज्या नाट्यमंडळाकडून सकाळी जाहिरात घ्यायची, त्याच मंडळाच्या नाटकावर रात्री खरे कसे लिहिणार? आमच्या भागातले किती तरी तालुका वार्ताहर २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांच्या शुभेच्छा-जाहिरातींवर जगतात. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्यापुढे दुसरा रस्ता कोणी ठेवलेला नाही.

आता मी टिकलो कसा, ते. जर्मनीत १९८१ साली एक कायदा झाला आणि १९८३ पासून तो अमलात आला. त्यानुसार मुक्त कलावंत आणि लेखक-पत्रकार यांच्यासाठी क्युन्स्टलरसोत्सिआलकासे नावाची, आपण कलावंत सामाजिक निधी म्हणू अशी, संस्था चालते. तिचे कार्यालय विल्हेल्म्सहाफेन या बंदराच्या शहरात आहे. नोकरदाराच्या आरोग्य विम्याची आणि निवृत्तिवेतनाची निम्मी वर्गणी त्याचा मालक भरतो. मुक्त लेखकाला मालक नसतो. म्हणून तो स्वत: निम्मी वर्गणी भरतो, केंद्र सरकार वीस टक्के घालते, आणि उरलेले तीस टक्के लेखन किंवा कला वापरणाऱ्यांकडून येतात: प्रकाशक, नियतकालिके, ध्वनिमुद्रण कंपन्या, कार्यक्रमांचे आयोजक. ते मुक्त कलावंतांना वर्षभरात जेवढे मानधन देतात त्यावर ठराविक टक्के उपकर या निधीत भरतात. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांत तो दर पाच टक्के होता. सभासद होण्यासाठी वर्षाला ३,९०० युरोंपेक्षा अधिक उत्पन्न या कामातून असावे लागते, आणि नवशिक्यांना पहिली तीन वर्षे त्यातूनही सूट असते. अर्ज करताना मी छापून आलेले लेख आणि पाठवलेली बिले जोडली होती. हेवी मेटल हे अभिजात संगीत आहे की गोंगाट, हे त्या अर्जात कोणीही विचारले नाही.

२०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे इथले महोत्सव रद्द झाले आणि माझे उत्पन्न कोसळले. तेव्हा मी निधीला एका पानाचे पत्र लिहून वर्षाच्या अपेक्षित उत्पन्नाचा आकडा खाली आणला. पुढच्या महिन्यापासून वर्गणी कमी झाली आणि आरोग्य विमा एक दिवसही खंडित झाला नाही. त्याच काळात माझ्या डाव्या कानात सतत बारीक शिट्टी वाजू लागली होती. तपासणी, औषधे, कानात बसवायचे मापाचे बोळे यांसाठी मी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा पाकीट आधी चाचपावे लागले नाही. त्या दिवाळीत आमच्या गावात नाटक आले नाही. दरवर्षी आमच्याकडे ऑर्गन वाजवायला येणारा कलावंत त्या हिवाळ्यात धानाच्या गिरणीत पोती उचलत होता, हे मला दादाकडून कळले.

गावाकडचा वाद सन्मानाभोवती फिरतो. झाडीपट्टी ही कला आहे का, पुण्या-मुंबईचे समीक्षक तिची दखल का घेत नाहीत, नाटकाऐवजी 'डान्स हंगामा' या नाचगाण्यांच्या कार्यक्रमाला गर्दी होते हा कोणाचा दोष, असे प्रश्न मी लहानपणापासून ऐकतो आहे. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला इथे एकट्याला रडू आले होते, कारण रात्र रात्र जागून पाहिलेल्या त्या रंगभूमीचे नाव दिल्लीत घेतले गेले. सन्मानाची किंमत मी जाणतो. पण सन्मान एकाला मिळतो आणि हंगाम शेकडो माणसे चालवतात. राज्य सरकारची वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठीची मानधन योजना आहे, ती चांगलीच आहे आणि तिच्यात महिन्याला ५,००० रुपये मिळतात, पण ती पन्नाशीनंतरची आहे. चोवीस वर्षांच्या मुलाला पन्नाशीपर्यंत लिहिते ठेवील असे काही तिच्यात नाही. आपला 'मानधन' हा शब्दच मानाला धनाच्या आधी बसवतो. जर्मनमध्ये यासाठी 'होनोरार' हा शब्द आहे आणि त्याच्याही मुळाशी मानच आहे. मात्र इथे त्या शब्दाखाली रक्कम, तारीख आणि बँक खात्याचा क्रमांक लिहिलेला असतो.

आपल्या नाटकांच्या गावांत राहून ज्यांना हेवी मेटलचे नाव परके वाटते त्यांना मी एक गोष्ट सांगतो. हे संगीत बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात जन्मले. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारीच्या तारा याच बोटांनी दाबत असे. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणे बनवली, बारीक तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून स्वर खाली आणला. ब्लॅक सबाथ या त्याच्या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. दादाने पाच वर्षे राईस मिलमध्ये काम केले आहे. संगीत त्याला आवडले नाही, पण ही गोष्ट ऐकल्यावर "मजुरायचाच बाजा हाय म्हनाचा," असे तो म्हणाला. इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्या मासिकात वाचलेली नाही.

वाकेन हे हॅम्बुर्गच्या उत्तरेला असलेले सुमारे दोन हजार वस्तीचे शेतकऱ्यांचे गाव आहे. १९९० पासून तिथे दर उन्हाळ्यात मेटलचा महोत्सव भरतो आणि आता ऐंशी हजारांच्या आसपास लोक येतात. गावातल्या स्वयंसेवी अग्निशामक दलाचे वाद्यपथकही तिथे वाजवते. २०१९ साली दिल्लीचा ब्लडीवूड हा बँड तिथे वाजला तेव्हा मी गर्दीत उभा होतो आणि माझ्या भोवतालची जर्मन पोरे ढोलावर उड्या मारत होती. २०२३ मध्ये इतका पाऊस झाला की शेतांचा चिखल झाला आणि सुमारे पन्नास हजार लोक आत आल्यावर प्रवेश थांबवावा लागला. मी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, वही प्लास्टिकच्या पिशवीत धरून लिहीत होतो आणि मला आठवत होती ती वडशाकडची रात्र: दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री दहाला उघडणारा पडदा, कनातीबाहेर चहाच्या चुली, पहाटे थंडीत घोंगडी गुंडाळून चार कोस परत जाणारी माणसे. दोन्हीकडे शेतच रंगभूमी होते आणि गावच यजमान. पण वाकेनला शेकडो लिहिणारे येतात. पुढच्या वर्षी कोणाला कुठल्या मंचावर घ्यावे यावर त्यांच्या लिहिण्याचा परिणाम होतो, पन्नास वर्षांनी कोणाला इतिहास लिहायचा असेल तर साधन तयार असते. झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रीमागून रात्री प्रयोग होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांची नोंद भिंतीवरच्या पोस्टरापलीकडे कुठेही राहत नाही. माझ्या पुतण्याची सात परीक्षणे म्हणूनच मला मोलाची वाटतात.

इथले सगळे गोमटे आहे असे मी म्हणणार नाही. वाकेनला आलेल्या त्या शेकडो लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना प्रवेशपासाखेरीज काही मिळत नाही. गेल्या दहा वर्षांत माझा दर वाढलेला नाही, दोन मासिके माझ्या डोळ्यांदेखत बंद पडली. शिवाय निधीत बेकारीचा विमा नाही, त्यामुळे काम थांबले की उत्पन्नही थांबते. पण निधीच्या सभासदत्वाचा कागद आजारपणात माझ्या बाजूने उभा राहिला, आणि तो माझ्या कलाप्रकाराची प्रतिष्ठा पाहून उभा राहिला नाही.

"जर्मनी श्रीमंत आहे, आपल्या तालुक्याच्या पेपराला हे कसे परवडेल?" हा आक्षेप गावी गेलो की हमखास ऐकू येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. इथेही उपकर देणाऱ्यांनी हीच तक्रार केली होती, प्रकरण घटना न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७ साली न्यायालयाने हा उपकर वैध ठरवला. शिवाय टक्का हा दिलेल्या मानधनावर असतो. पाचशे रुपयांच्या लेखावर पाच टक्के म्हणजे पंचवीस रुपये. आणि हे तत्त्व आपल्याकडे परके राहिलेले नाही. संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत, घरपोच सामान आणणाऱ्या आणि टॅक्सी चालवणाऱ्या गिग कामगारांसाठी, त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत भरावी अशी तरतूद आहे. कामाला मालक नसला तरी लाभार्थी असतो, हे संसदेने त्या कलमात मान्य केले आहे. मग हंगामी कलावंत आणि तुकड्यावर लिहिणारा वार्ताहर यांना त्या यादीत आणण्याची मागणी विदर्भातून का होऊ नये? माझी तक्रार आहे ती अशी मागणी कधी ऐकू न येण्याविषयी. आपल्या संमेलनांत ठराव होतात ते भाषेच्या दर्जाचे, पुरस्कारांचे, दालनाला कोणाचे नाव द्यावे याचे. लिहिणाऱ्याच्या दराचा ठराव मी अजून पाहिलेला नाही.

पुतण्याला पुन्हा फोन केला तेव्हा मी त्याला पोलीस भरतीचा अर्जही भरायला सांगितले, कारण दादाची काळजी खरी आहे आणि मीही निम्मे पोट अनुवादावर भरतो. जाहिराती मात्र आणू नकोस, असे बजावले. भाऊबीजेपासून नाटके सुरू होतील. मी त्याला मराठीत बिलाचा एक साधा नमुना करून पाठवला आहे: तारीख, नाटकाचे नाव, प्रयोगाचे गाव, शब्दसंख्या, दर, एकूण रक्कम. दराच्या रकान्यात किती लिहू, असे त्याने लगेच विचारले. तो आकडा मी इथून सांगितला नाही. गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर जिल्ह्यांत नाटकांवर लिहिणारी आणखी चार-पाच मुले त्याच्या ओळखीची आहेत. त्यांच्याशी बोलून सर्वांनी एकच आकडा लिहावा, असे मी त्याला कळवले आहे.