जवळा, पोलोनियम आणि तुमची प्रतिक्रिया

दादा, नमस्कार.

समुद्रातल्या वनस्पती-प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींत, किरणोत्सारी पोलोनियम साठतं, या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत: हे सगळं अणुभट्ट्यांचं पाप, आणि मी 'नैसर्गिक' म्हणत त्यावर पांघरूण घालतोय. वर, साताऱ्यात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला?

शेवटचं आधी घेतो. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडॉन वायू तयार होतो आणि मातीतून हवेत निसटतो, आपल्या माणदेशातल्या रानातूनसुद्धा. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, ३.८ दिवसांचं. हिवाळ्यात ईशान्येचं वारं सुटलं की तेवढ्यात तो अरबी समुद्रावर पोचू शकतो. त्याचं पुढे शिसं-२१०, म्हणजे शिशाचं किरणोत्सारी रूप, होतं, ते पाण्यात उतरतं आणि त्यातून पोलोनियम-२१० तयार होतं. शिसं प्लवकाच्या पेशीला बहुतेक बाहेरूनच चिकटतं. पोलोनियम आत शिरतं, प्रथिनांना धरून बसतं. त्यामुळे प्लवक खाणाऱ्याच्या विष्ठेतून शिसं तळाकडे जातं, पोलोनियम मात्र बरंचसं त्याच्या अंगात राहतं.

अणुभट्टीतून समुद्रात सांडलं तर सीझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९० ही अणुभट्टीत तयार होणारी किरणोत्सारी द्रव्यं शोधतात. जपानमधल्या फुकुशिमा अणुभट्टीच्या अपघातानंतर मुख्यतः सीझियमच मोजलं गेलं. पोलोनियम क्युरी दांपत्याला १८९८ मध्ये खनिजात सापडलं; पहिली अणुभट्टी चालू झाली १९४२ मध्ये. मुळात निसर्गाचं किती आहे हे नीट मोजलेलं नसेल, तर माणसाने टाकलेलं पकडणार कसं? मी लिहितो ते याचसाठी.

तुमचा एक मुद्दा मात्र मला लागला. 'नैसर्गिक आहे, तेव्हा चिंता नको' हे वाक्य मी लिहायला नको होतं. मासळीतून आपल्याला मिळणाऱ्या किरणोत्सर्गात मोठा वाटा पोलोनियमचाच असतो, आणि ते माशाच्या पोटातल्या भागात जास्त साठतं. जवळा तर आपण अख्खाच खातो. ताटात निवडायला घेतला की काळ्या ठिपक्यांसारखे डोळेही दिसतात, पोट काढायचा प्रश्नच नाही. तरी जगाची सरासरी धरली, तर वर्षाकाठी निसर्गातून मिळणाऱ्या २.४ मिलिसिव्हर्टपैकी (हे शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजायचं एकक) सगळ्या अन्नपाण्याचा मिळून वाटा ०.३ च्या आसपास आहे.

आमच्याकडे मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी म्हणून जवळ्याची बरणी भरतात. पोलोनियमचं अर्धायुष्य १३८ दिवसांचं, आणि जवळ्यात त्याची भर घालणारं शिसं फार थोडं. म्हणजे घटस्थापनेच्या सुमारास त्याच बरणीतलं पोलोनियम जवळपास निम्म्यावर आलेलं असतं. यंदाची बरणीही भरून ठेवली आहे.